सासरेबुवांची बदाम सत्ती

सासऱ्याला चोर म्हणायचंच असेल, तर निदान त्याच्या अंगणात, त्याच्या फणसाखाली, त्याच्याच बाकावर बसून म्हणू नये. किरुंडाने नेमकं तेच केलं, आणि तेही रविवारी, सगळी वालुकुबा वस्ती चर्चमधून घराकडे परतत असताना.

तसं पाहिलं तर प्रसंग साधा होता. मटाटूचा, म्हणजे पत्त्यांचा, डाव चालला होता. मटाटू आमच्या नाईलकाठच्या जिंजा गावात पोरंटोरंही खेळतात, पण सलोंगो मुसोब्यांच्या फणसाखालचा रविवारचा डाव म्हणजे निराळं प्रकरण. त्या बाकावर जागा मिळवायला माणसाची अर्धी उमर जायची. या खेळात सत्ती म्हणजे कात्री. गड्डीच्या तळाशी एक पान उघडं ठेवायचं. ते बदाम असेल तर बदामची सत्ती, इस्पिक असेल तर इस्पिकची. ती ज्याच्या हाती, त्याने वाटेल तेव्हा डाव कापावा, मग सगळ्यांनी हातातल्या पानांचे गुण मोजावेत, आणि ज्याचे कमी तो जिंकला.

पत्ते पिसायचा मान सलोंगोंचा. जुळ्यांचा बाप म्हणून लोक त्यांना सलोंगो म्हणत, आणि बापपणाच्या त्याच मायेने ते पत्ते पिसत. हळूहळू, थोपटत, जणू गड्डीला झोपवतायत. आणि ती कापणारी सत्ती रविवारमागून रविवार त्यांच्याच हातात उगवायची.

"सासरेबुवा," किरुंडा म्हणाला, "सत्त्यांना तुमच्या हाताचा इतका लळा कसा हो लागतो?"

एवढंच. पण मुलोंडो, जो सायकलच्या मागच्या गादीवरून माणसं पोचवण्याचा धंदा करायचा आणि ज्याचं तोंड रविवारी भाजलेल्या मक्यावर अखंड चालू असायचं, तो चावायचा थांबला.

सलोंगोंनी हातातली पानं पालथी ठेवली. "म्हणजे मी चोर."

"तसं नव्हे, सासरेबुवा."

"मग कसं? सांग ना. शिकलेला जावई आहेस. इंग्रजीत सांगितलंस तरी चालेल."

चर्चमधले धर्मशिक्षक बालिकोवा तिथे होतेच. पत्ते खेळणं पाप आहे असं त्यांचं मत होतं, म्हणून पापावर नजर ठेवायला ते दर रविवारी बाकाच्या टोकाला येऊन बसत आणि तीन-चार कप चहा होईपर्यंत नजर ठेवत. त्यांनी घसा साफ करून रीत सांगितली. सासऱ्यावर आळ घेणाऱ्याने तो सिद्ध करावा. नाही जमलं तर पांढरा झगा घालून, गुडघे टेकून माफी मागावी आणि बोकड आणावा. तोवर त्या जावयाने बाकावर बसू नये.

"बाबिर्ये," घराच्या खिडकीतून, फुलाफुलांच्या पडद्याआडून आवाज आला, "नवऱ्याला विचार, या वेळी बोकड आणणार की मागच्यासारखा हाडांचा सापळा?"

हा आवाज नालोंगोंचा, म्हणजे किरुंडाच्या सासूबाईंचा. आमच्या बुसोगा मुलखात जावई आणि सासू समोरासमोर येत नाहीत. आले, एकमेकांना शिवले, तर हातांना कायमचा कंप सुटतो म्हणतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण किरुंडाने सासूबाई पाहिल्या होत्या त्या फक्त पाठमोऱ्या. त्यांचा आवाज मात्र त्याला समोरून, मागून, भिंतीतून, कुठूनही ऐकू येई.

किरुंडाला हसून विषय सोडता आला असता. पण तो गावाला पाणी पुरवणाऱ्या कचेरीत कारकून होता. त्या कचेरीत नुकताच संगणक आला होता, आणि त्याच्यासमोर बसायचा मान त्याला मिळाला होता. माणसाची मान अशा वेळी लवकर खाली येत नाही.

"मी बोकड आणणार नाही," तो म्हणाला. "मी गड्डी आणीन. कुणाचा हात न लागता पिसली जाणारी गड्डी. मग बघू सत्त्या कुणीकडे जातात ते."

आणि तो बाकावरून उठला. घरी पोचेपर्यंत त्याच्या लक्षात आलं की आयुष्यात त्याला रविवारच्या दुपारीखेरीज दुसरं सुख नव्हतं, आणि तेच तो आत्ता पणाला लावून आला होता.

सायकलच्या दुकानावरच्या एका खोलीत तेव्हा संध्याकाळचे संगणकाचे वर्ग भरत, आणि किरुंडा तिथे शिकत होता. शिकवायला कागोया मॅडम. वयाने किरुंडाच्या पुतणीएवढ्या, पण फळ्यासमोर उभ्या राहिल्या की थेट त्याच्या आजीसारख्या. शेवटच्या परीक्षेसाठी प्रत्येकाने एक वस्तू निवडून ती संगणकात उभी करायची होती. कुणी शाळा निवडली, कुणी दुकान. किरुंडाने पत्त्यांची गड्डी निवडली.

"छान," मॅडम म्हणाल्या. "आता प्रत्येक वस्तूला दोनच प्रश्न विचारायचे. तू कोण, आणि तुला काय काय करता येतं. त्याची उत्तरं लिहिलीत की वस्तू तयार."

किरुंडाला हे फार आवडलं. इतकं, की तो दिसेल त्या वस्तूला हे विचारू लागला. कपाला, छत्रीला, कोंबडीला. घरी जाऊन त्याने बायकोलाही विचारलं, "तू कोण, आणि तुला काय काय करता येतं?"

बाबिर्ये त्या रविवारपासून मोजकंच बोलत होती. तिने पातेल्यातली केळी ढवळत सांगितलं, "मी सलोंगोंची मुलगी. मला माहेरी जाता येतं."

त्याने प्रश्न पुन्हा पत्त्यांपुरता ठेवला.

पण पान म्हणजे कोण, याचं उत्तर वालुकुबात सरळ मिळेल तर शपथ. मॅडमच्या मते पानाला दोनच गोष्टी पुरेत: बदाम की इस्पिक, आणि सत्ती की राजा. किरुंडाने मुलोंडोला विचारलं तर त्याने सायकल भिंतीला टेकवून पाऊण तास सांगितलं. इस्पिकच्या राणीचा कोपरा फाटलाय, तो विसरू नकोस. चौकटच्या दश्शीवर चहाचा डाग आहे. आणि किलवरची अठ्ठी म्हणजे खरं तर बिस्किटाच्या खोक्याचा तुकडा, कारण खरी अठ्ठी सलोंगोंच्या शेळीने खाल्ली. "हे सगळं नसेल तर ती आपली गड्डी कशी होईल, साहेब? कुणी ओळखणारसुद्धा नाही."

बालिकोवांचा सल्ला वेगळा होता. पान कोण हे विचारू नये, पान कुणाचं हे विचारावं, आणि उत्तर येईल सैतानाचं. मात्र पत्ते संगणकाने पिसले तर त्याला जुगार म्हणता येणार नाही, ते विज्ञान झालं, आणि विज्ञानाची एखादी बाजी खेळून बघायला आपली हरकत नाही, असंही त्यांनी जाता जाता सुचवलं.

किरुंडाने भिडेपोटी बिस्किटाचं खोकंही घातलं. मॅडमनी ते वाचून चष्मा काढला. "हे काय?"

"किलवरची अठ्ठी, मॅडम. शेळीने खाल्ली."

"संगणकात शेळी नसते. काढा ते."

मग पिसणं आलं. किरुंडाने संगणकाला सांगितलं, गड्डीत कुठेही बोट घाल, सापडेल ते पान लिही, पुन्हा बोट घाल. पहिल्याच फेरीत बदामचा राजा पाचदा आला आणि दुर्री एकही नाही. किरुंडा तासभर चकित होऊन बघत राहिला. त्याला वाटलं, संगणकसुद्धा सलोंगोंकडे शिकून आलाय.

"तुम्ही पान बघता आणि परत तिथेच ठेवता," मॅडम म्हणाल्या. "काढलेलं पान गड्डीतून गेलं पाहिजे. एक राजा दोघांना कसा वाटाल?"

हे दुरुस्त झालं, तर नवीनच संकट. पानं खरोखर मिसळतायत की नाही ते ताडून बघायला किरुंडा जेवणाच्या सुट्टीत कचेरीतल्या यंत्रावर पिसलेल्या गड्ड्या छापायचा. पण आमच्या संगणकाला इंग्रजीच कळायची, आणि इंग्रजीत गुलामाला जॅक म्हणतात. तेव्हा सगळीकडे खोट्या नोकरांचा बोलबाला होता. नाव पगारपत्रकावर, माणूस कुठेच नाही. एक दिवस तपासनीस आले, आणि यंत्रात अडकलेला एक कागद त्यांना मिळाला. मोठ्या साहेबांनी किरुंडाला आत बोलावलं.

"हा जॅक कोण?" तपासनिसांनी विचारलं.

"गुलाम, सर."

"कुणाचा?"

"बदामचा, सर. आणि इस्पिकचा. चौकटचा आणि किलवरचाही."

"म्हणजे एक माणूस चार ठिकाणी नोकरीला."

"माणूस नव्हे, सर."

"तेच तर म्हणतोय मी," तपासनीस म्हणाले, आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

किरुंडाने शेवटी खिशातून खरा गुलाम काढून टेबलावर ठेवला तेव्हा कुठे प्रकरण मिटलं. पण पुरतं नाही. सरकारी कागदावर राजा-राणी छापल्याबद्दल त्याच्याकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. खुलासा लिहायला कागद हवा होता, कागदासाठी भांडारपालाकडे अर्ज हवा होता, आणि अर्ज लिहायला भांडारपाल कागद देईना, कारण किरुंडाला कागद देऊ नये असा साहेबांचा नुकताच हुकूम होता. खुलासा अखेर मुलोंडोच्या भाचीच्या शाळेच्या वहीतल्या पानावर गेला.

आता छापणं बंद. मग तपासायचं कसं? मॅडमनी तोडगा सांगितला. "संगणकाला स्वतःची लहर नसते. तो एका आकड्यावरून पिसायला सुरुवात करतो. दर वेळी घड्याळातला त्या क्षणाचा आकडा दिला, तर दर वेळी निराळं पिसेल. पण तपासताना तोच तो आकडा ठेवा. मग पानं दर वेळी त्याच क्रमाने येतील आणि तुम्हाला एकच यादी पुरेल. मात्र शेवटी तो काढून घड्याळ घालायला विसरू नका."

किरुंडाने आकडा म्हणून आपल्या लग्नाचं साल घातलं, कारण ते विसरायची त्याला परवानगी नव्हती. पुढे सगळं सुरळीत चाललं. इतकं सुरळीत, की साल काढून घड्याळ घालायचं तो साफ विसरला.

ठरलेल्या रविवारी मुलोंडोने वर्गातला एक जुना संगणक सायकलवरून आणला. पडदा मागच्या गादीला रबराने आवळलेला, बाजाराला नेलेल्या कोंबडीसारखा, आणि पेटी किरुंडाच्या डोक्यावर. फणसाखाली सगळी वस्ती जमली होती. सलोंगो इस्त्रीचा झगा घालून बसले होते आणि किरुंडाकडे मुद्दाम बघत नव्हते.

आणि मग कळलं, की सलोंगोंच्या घरात विजेची खोबणी एकच आहे. ती बसायच्या खोलीत. जिथे नालोंगो बसतात तिथे.

संगणक आत, जावई बाहेर, मध्ये सगळ्या बुसोगाची रीत.

तोडगा बालिकोवांनी काढला. संगणक खिडकीच्या आत ठेवावा. नालोंगोंनी बटण दाबावं, पानांचा क्रम वाचावा, खरी गड्डी तशी लावून पालथी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवावी. त्या खेळत नाहीत, वाचता येतं, आणि त्यांच्या सचोटीवर शंका घ्यायची वालुकुबात कुणाची छाती नाही. त्यांचा हात आत गेल्यावर किरुंडाने गड्डी उचलावी, म्हणजे कंपाचीही भीती नको.

यंत्र जोडायला किरुंडा आत गेला तेव्हा नालोंगो मागल्या दाराने स्वैपाकघरात गेल्या. तो खोकून बाहेर आला, त्या आत आल्या. वायर सैल निघाली, तो खोकला, त्या बाहेर गेल्या. असं इतक्या वेळा झालं की शेजारीण विचारून गेली, जावयाला आल्याचा काढा देऊ का.

"बाबिर्ये, आईंना सांग, मोठं बटण दाबा."

"आई म्हणते, मोठं म्हणजे कुठलं, इथे सगळीच मोठी आहेत."

"उजवीकडचं."

"आई विचारते, तुझ्या उजवीकडचं की तिच्या?"

शेवटी संगणक गुरगुरला. बराच वेळ गेला, चहाची एक फेरी झाली, आणि पडद्याखालून एक हात आला, गड्डी ठेवून आत गेला. तळाचं पान उघडलं. बदामची चौकी.

किरुंडाच्या हातात राजा, राजा, राणी, दश्शी, सगळे जडशीळ पाहुणे. दोन-तीन फेऱ्या झाल्या नाहीत तोच सलोंगोंनी अलगद बदामची सत्ती टाकली. "कापला."

"एकदा होतं असं," किरुंडा म्हणाला. "पुन्हा."

पुन्हा सगळी तयारी, पुन्हा बटण, पुन्हा गड्डी. तळाला बदामची चौकी. किरुंडाने पानं उचलली. राजा, राजा, राणी, दश्शी. तेच पाहुणे, त्याच क्रमाने. लग्नाचं साल.

त्याने बाकीच्यांकडे बघितलं. कुणाच्या लक्षात आलं नसेल? आलं होतं की. मुलोंडोला पुन्हा दोन एक्के आले होते, आणि असं नशीब बोलून दाखवलं तर जातं, म्हणून तो मक्यात तोंड खुपसून बसला होता. विज्ञानाची बाजी खेळायला बसलेल्या बालिकोवांना पुन्हा तीन अठ्ठ्या आल्या होत्या. त्यात त्यांना देवाचा हात दिसला, आणि देवाच्या कामात आपण बोलू नये म्हणून ते गप्प होते. सलोंगो तर हसतच होते. "कापला."

आता किरुंडाची जी गत झाली ती वैऱ्याची होऊ नये. यंत्र बरोबर म्हणावं तर सासरे निर्दोष, आणि तो खोटा. यंत्र चुकलं म्हणावं तर त्याने आणलेली गड्डीच खोटी, म्हणजे पुन्हा तोच खोटा, शिवाय सगळ्या वस्तीदेखत. त्याने शेवटची आशा म्हणून तिसरा डाव मागितला, आणि तेवढ्यात वीज गेली.

नाईलवरचं धरण आमच्या गावात, वीज आमच्या गावात तयार होते, आणि आमचंच गाव सोडून सगळीकडे जाते. पण त्या दिवशी किरुंडाने विजेला मनोमन आशीर्वाद दिला. यंत्र बंद, निकाल लांबणीवर. तो तसं म्हणायला उठणार, एवढ्यात पडद्याखालून हात आला. गड्डी कट्ट्यावर ठेवून आत गेला.

आत अंधार होता. संगणक मेला होता. किरुंडाने थरथरत्या हातांनी पानं उचलली, आणि ती थरथर सासूबाईंना न शिवताही आली होती. राजा, राजा, राणी, दश्शी.

त्याने खिडकीकडे बघितलं. फुलाफुलांचा पडदा अगदी स्थिर होता.

"कापला," सलोंगो म्हणाले, आणि उभे राहिले. "बघितलंत सगळ्यांनी? हात लावला नाही मी. यंत्रालासुद्धा माझा लळा लागला."

किरुंडाने गुडघे टेकले.

पुढच्या रविवारी बोकड आला, चांगला गुबगुबीत. पण त्याआधी बाबिर्ये घरी निरोप घेऊन आली होती. बऱ्याच दिवसांनी ती मोकळेपणी बसली, पाय पसरून, शेंगदाणे सोलत.

"आई म्हणते, तुझ्या यंत्राला एकच डाव येतो. दुसऱ्या खेपेला तिने वाचलंसुद्धा नाही, क्रम पाठ झाला होता."

"मग त्या बोलल्या का नाहीत?"

"तेच मी विचारलं. म्हणाली, यंत्र खोटं ठरलं असतं तर जावयाला कुणी पुन्हा बाकावर बसू दिलं नसतं. खरं ठरलं, तर नुसता बोकड गेला. बोकड काय, दुसरा मिळतो." तिने शेंगदाणा तोंडात टाकला. "आणि आणखी एक. सत्त्यांचं तू बरोबर बोललास. बाबा पिसताना सत्ती करंगळीखाली धरतात."

"आईंना कसं माहीत?"

"बाबांना शिकवलं कुणी? लग्नाआधी आईच तर खेळायची. पण असं चारचौघांत म्हणायचं नसतं, असं सांगितलंय तिने."

किरुंडाने त्या आठवड्यात साल काढून घड्याळ घातलं. मॅडमनी त्याला पास केलं, आणि प्रमाणपत्र त्याने शेळीच्या आवाक्याबाहेर, उंचावर टांगलं.

बोकडाचं जेवण झाल्यावर पत्ते निघाले. सलोंगोंनी सवयीने गड्डीकडे हात केला, तर बालिकोवांनी ती आधीच उचलली होती. "छे छे, सलोंगो. यंत्राने तुमची अब्रू उजळली. आता तुम्ही कशाला शिणता? यापुढे पिसायचं काम यंत्राचं."

सगळे हो म्हणाले. सलोंगोंना नाही म्हणता येईना. त्यांची सगळी अब्रू आता त्या यंत्रावर टांगलेली होती.

त्या दिवसापासून सत्त्या वाट फुटेल तिकडे गेल्या. कधी मुलोंडोकडे, कधी बालिकोवांकडे. किरुंडासुद्धा जिंकला. महिनाभरात सलोंगो चिडचिडे झाले.

"यंत्र बिघडलंय."

"असं म्हणू नका, सासरेबुवा," किरुंडा नम्रपणे म्हणाला. "त्यानेच तुम्हाला निर्दोष ठरवलं."

अर्थात वीज कधी टिकली? यंत्र मध्येच मान टाकायचं, आणि मग पडद्याआड नालोंगोच हाताने पिसायच्या. हळूहळू यंत्र आत आणायचंच राहून गेलं. मग एका रविवारी गड्डी कट्ट्यावर आली तेव्हा वाटणीत एका खेळाडूची पानं जास्त होती, आणि ती पडद्याखालून आत ओढली गेली.

"बाबिर्ये," आतून आवाज आला, "सगळ्यांना सांग, मी पण आहे."

कुणी हरकत घेतली नाही. आणि जावई-सासू कधी एका बाकावर बसू शकत नाहीत हे खरं, पण मध्ये पडदा असला तर एका डावात बसू शकतात, असं बालिकोवांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

पहिलाच डाव. किरुंडाच्या हातात बरी पानं होती, तो मनात गुण मोजत होता. पडद्याखालून तो ओळखीचा हात आला आणि कट्ट्यावर चौकटची सत्ती अलगद ठेवली.

"सांग त्यांना. कापला."

दुसऱ्या डावाला किलवरची आली. तिसऱ्याला बदामची. सलोंगो जावयाकडे बघत होते, जावई फणसाकडे. सत्त्यांना आता कुणाचा लळा लागलाय, ते किरुंडाला लख्ख दिसत होतं.

पण तो काही बोलला नाही. एक बोकड पुरे झाला होता.